सोळाशेच्या पुढचे अंतर

अर्धमॅरेथॉनचे अंतर २१.०९७५ किलोमीटर असते. या अडनिड्या आकड्याचे मूळ लंडनमध्ये आहे. १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन विंडसरच्या किल्ल्यापासून सुटली आणि नव्या स्टेडियममध्ये राजघराण्याच्या कक्षासमोर संपली. ते अंतर २६ मैल ३८५ यार्ड भरले. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाने तेच कायम केले आणि राजेराण्यांच्या सोयीने ठरलेले ४२.१९५ किलोमीटर जगभरच्या धावपटूंच्या वाट्याला आले. अर्धमॅरेथॉन म्हणजे त्याचे निम्मे, दशांश चिन्हासकट. ऑलिंपिकमध्ये या शर्यतीला कधी जागा मिळाली नाही. स्वतंत्र जागतिक स्पर्धा सुरू झाली तीही १९९२ मध्ये. पण नोकरी-शेती सांभाळून धावणाऱ्या माणसाला पूर्ण मॅरेथॉनपेक्षा हेच अंतर मानवते. आधीपासून थोडेफार धावणाऱ्याला तयारीला तीन-चार महिने पुरतात, शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी लंगडत का होईना कामावर जाता येते, आणि तरीही सरावाशिवाय पार करू म्हणणाऱ्याची रग ते पुरती जिरवते.

चिमूर हे चंद्रपूर जिल्ह्यातले तालुक्याचे ठिकाण. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाची कोलारा आणि नवेगाव ही प्रवेशद्वारे याच तालुक्यात येतात. वरोऱ्याच्या बाजूला काळी जमीन, पराटी म्हणजे कापूस, आणि सोयाबीन. नागभीड-ब्रह्मपुरीच्या बाजूला धानाच्या बांध्या. मधून उमा नदी. गावाला रेल्वे नाही. एसटीचे आगार आहे आणि उमरेड-भिसीकडून येऊन वरोऱ्याकडे जाणारा महामार्ग आहे. महाराष्ट्राला हे गाव माहीत आहे ते १६ ऑगस्ट १९४२ मुळे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी तापलेल्या या भागात त्या दिवशी उठाव झाला, गोळीबार झाला, माणसे मेली आणि मागाहून आलेल्या लष्कराने गावावर अत्याचार केले. त्याची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळी सेवाग्रामहून चिमूरकडे पायी निघाले होते. त्यांनी केलेल्या उपोषणाचा ६३ दिवसांचा आकडा सगळे सांगतात. या पायपिटीची आठवण फारशी कोणी काढत नाही. माघात श्रीहरी बालाजीची घोडायात्रा भरते, तेव्हा पंचक्रोशीतली माणसे चिमूरच्या दिशेने चालताना दिसतात. चालणे या मुलखाला नवे नाही. धावणे मात्र इथे एका ठरावीक कामासाठी आले, आणि ते काम म्हणजे भरती.

चिमूर, नेरी, भिसी, शंकरपूर, खडसंगी, कुठल्याही गावात पहाटे धावणाऱ्या पोराला विचारले, किती धावतो, तर उत्तर बहुधा ‘सोळाशे’ असे मिळते. पोलीस भरतीच्या शारीरिक चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. सोबत १०० मीटर आणि गोळाफेक. सगळे मिळून ५० गुण. पूर्वी मुलांना पाच आणि मुलींना तीन किलोमीटर असत. २०१४ मध्ये मुंबईतल्या भरतीत काही उमेदवार धावताना दगावले, त्यानंतर ही अंतरे कमी झाली. राज्य राखीव पोलीस दलासाठी पाच किलोमीटर अजून आहेत. वनरक्षकाच्या भरतीत तर धावण्याच्या चाचणीखेरीज चालण्याचीही परीक्षा असते: मुलांना चार तासांत २५ किलोमीटर, मुलींना १६. म्हणजे अर्धमॅरेथॉनहून लांब पल्ला या मुलखातल्या पोराकडून सरकार आधीच मागत आले आहे, फक्त चालत.

या सगळ्या अंतरांत एक गोष्ट सारखी आहे. ती कोणीतरी ठरवून दिलेली आहेत आणि त्यांच्या पलीकडे नोकरी उभी आहे. ‘ग्राउंड काढणे’ हा भरतीच्या पोरांचा शब्दप्रयोग. ग्राउंड निघाले की लेखी, लेखी निघाली की यादी, यादीत नाव आले की घरात पगार. वयोमर्यादा संपली की बूट माळ्यावर जातात. एकवीस किलोमीटर धावायला कोणी सांगितलेले नसते आणि धावल्यावर कोणी नेमणूकपत्रही देत नाही. म्हणून चिमूरसारख्या गावातला माणूस अर्धमॅरेथॉनला नाव नोंदवतो, तेव्हा त्याच्या धावण्यातली पहिली बिनकामाची गोष्ट तो करत असतो. घरच्यांना ती समजावून सांगणे हा तयारीचा सगळ्यात अवघड भाग मानायला हरकत नाही. ‘पैसे भरून धावायचं? आणि जिंकला नाहीस तर?’ या प्रश्नाला पटेल असे उत्तर अजून सापडलेले नाही.

धावण्यामागे कारण हवेच, हा विचार एकट्या चिमूरचा नाही. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नऊवारी नेसून अनवाणी धावलेल्या लता करे यांना नवऱ्याच्या उपचारासाठी बक्षिसाची रक्कम हवी होती. त्यांच्यावर निघालेल्या चित्रपटात त्यांनी स्वतःच काम केले आणि त्याची राष्ट्रीय पुरस्कारात दखल घेतली गेली. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक घेऊन आली. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे आधी सैन्यात गेला, मग धावपटू झाला. मराठी मुलखातल्या लांब पल्ल्याच्या धावपटूंची ही यादी कोरडवाहू आणि डोंगराळ भागांतून जाते. त्यात हौस नंतर येते, किंवा येतच नाही.

सरावाचा प्रश्न चिमूर भागात इतर ठिकाणांपेक्षा वेगळा आहे आणि त्याचे कारण चार पायांचे आहे. चंद्रपूर जिल्ह्यात दोनशेहून अधिक वाघ आहेत आणि ते सगळे काही प्रवेशद्वाराच्या आत राहत नाहीत. पहाटेची वेळ धावणाऱ्याची, तीच वाघाची आणि बिबट्याचीही. मोहफुले वेचायच्या दिवसांत अस्वलांची भर पडते. वनखात्याचा सल्ला असा: अंधारात एकटे जाऊ नये, घोळक्याने जावे, मोठ्याने बोलत राहावे, वाकून बसू नये, आणि वाघ दिसलाच तर पळू नये, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरावे. धावण्याचा सराव करायला निघालेल्या माणसाला मिळणारी ही सूचना आहे. त्यामुळे कोलारा किंवा खडसंगीकडच्या जंगलाला लागून असलेल्या रस्त्यावर शहाणी पोरे उजाडल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. गावाजवळचा रहदारीचा तुकडा, शाळेचे किंवा क्रीडा संकुलाचे मैदान, तिथेच फेऱ्या मारतात.

मैदानावरच्या फेऱ्यांनी सोळाशेची तयारी होते, एकवीसची होत नाही. चारशे मीटरच्या मैदानाला अर्धमॅरेथॉनसाठी जवळजवळ त्रेपन्न प्रदक्षिणा घालाव्या लागतील, आणि एवढ्या भक्तीचा माणूस विरळा. लांब पल्ल्याचा सराव रस्त्यावरच व्हावा लागतो. तो रविवारी, सकाळी सहानंतर, चार-पाच जणांनी मिळून करायचा असतो. एखादा मित्र मोटारसायकलवर पाण्याच्या बाटल्या घेऊन मागे राहतो. डांबरी रस्त्याच्या कडेचे किलोमीटरचे दगड मोजत जायचे आणि तेच मोजत परत यायचे. समोरून येणारा शेतकरी ‘भरती निघाली का?’ म्हणून विचारतो. नाही म्हटले तर त्याला पटत नाही, हो म्हणणे सोयीचे.

ऋतूही ठरलेले आहेत. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा सूर्य उगवल्यावर धावणे बाद. पावसाळ्यात रोवणी आणि चिखल. खरा सराव दिवाळीनंतर, धान कापून झाल्यावर सुरू होतो आणि शर्यती डिसेंबर ते फेब्रुवारीत येतात. हेच दिवस झाडीपट्टीच्या नाटकांचे. मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, निमित्ताने गावोगावी मंडप पडतात, नाटक रात्री उशिरा उभे राहते आणि उजाडेपर्यंत चालते. रविवारचा लांब पल्ला आणि शनिवारचे नाटक यांत बहुतेक वेळा नाटक जिंकते. प्रशिक्षणाच्या कुठल्या पुस्तकात या अडथळ्याचा उल्लेख नाही, पण गोंदियापासून गडचिरोलीपर्यंतच्या प्रशिक्षकाने तो धरून चालावे.

भरतीच्या सरावातून आलेल्या धावपटूची खरी अडचण वेगाची असते. त्याला वेग कमी पडत नाही, जास्त होतो. पोलीस भरतीत १६०० मीटरचे पूर्ण गुण मिळवायचे तर साधारण ५ मिनिटे १० सेकंदांत अंतर संपवावे लागते. म्हणजे किलोमीटरला ३ मिनिटे १४ सेकंद. या वेगाला सरावलेले पाय एकवीसच्या सुरुवातीला किलोमीटरला साडेपाच मिनिटांनी धावायला तयार होत नाहीत. त्यांना ते चालण्यासारखे वाटते. अविनाश साबळेने २०२० मध्ये दिल्लीत १ तास ३० सेकंदांत अर्धमॅरेथॉन संपवली, तेव्हा एकसष्ट मिनिटांच्या आत येणारा तो पहिला भारतीय ठरला. त्याचा सरासरी वेग किलोमीटरला २ मिनिटे ५२ सेकंद पडतो. भरतीच्या भाषेत सांगायचे तर त्याने ४ मिनिटे ३५ सेकंदांचे सोळाशे एकामागोमाग तेरा वेळा काढले, मध्ये न थांबता, आणि वर थोडे अंतर उरलेच. चिमूरच्या पोरांना ही शर्यत समजावून सांगायला याहून चांगले गणित नाही.

दोन्ही अंतरांत शरीराचे काम वेगळे चालते. सोळाशे मीटरमध्ये स्नायूंना लागणारी ऊर्जा काही प्रमाणात ऑक्सिजनशिवाय तयार होते. श्वास फुलतो, पाय भरून येतात, पण तोवर शर्यत संपलेली असते. एकवीस किलोमीटरमध्ये जवळजवळ सगळी ऊर्जा ऑक्सिजनच्या जोरावर बनवावी लागते. सुरुवातीला घाई केली तर रक्तात साचणारे लॅक्टेट स्नायू वापरून संपवू शकत नाहीत आणि पुढचे पंधरा किलोमीटर त्याची फेड करण्यात जातात. इंधनाचा हिशेब मात्र दिलासा देणारा आहे. धावताना दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलोमागे ढोबळ मानाने एक किलोकॅलरी खर्च होते. ५५ किलोच्या माणसाला अर्धमॅरेथॉनसाठी साडेअकराशे ते बाराशे किलोकॅलरी लागतात. स्नायू आणि यकृत यांत साठलेल्या ग्लायकोजेनमधून साधारण सोळाशे ते दोन हजार किलोकॅलरी मिळू शकतात. म्हणून पूर्ण मॅरेथॉनमध्ये तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरला इंधन संपून माणूस भिंतीवर आदळल्यासारखा थांबतो, तसे इथे सहसा होत नाही. भात, वरण, पोळी, भाजी खाणाऱ्या माणसाला आदल्या दिवशी काही वेगळे खायची गरज नसते. एनर्जी जेलची पाकिटे शहरातले धावपटू खिशात ठेवतात. भिजवलेले चणे, केळी आणि उकडलेली अंडी यांवर भरतीचा सराव केलेल्या पोराला ती नाही मिळाली तरी अडत नाही.

तयारी म्हणजे मुख्यतः सावकाश धावायला शिकणे. आठवड्यातून तीन-चार दिवस बोलता येईल अशा गतीने धावणे, एक दिवस वेगाचा, आणि रविवारी लांब पल्ला, जो दर आठवड्याला एक-दीड किलोमीटरने वाढत सतरा-अठरापर्यंत जातो. पूर्ण एकवीस सरावात धावून पाहण्याची गरज नसते. शेवटच्या आठवडा-दीड आठवड्यात अंतर निम्म्यावर आणायचे, म्हणजे पाय ताजे राहतात. भरतीची पोरे नेमकी इथे चुकतात. परीक्षा जवळ आली की अभ्यास वाढवायचा, हे त्यांच्या अंगी मुरलेले असते. शर्यतीच्या आदल्या दिवशी सोळाशे काढून पाहण्याचा मोह त्यांना आवरत नाही.

बुटांचा खर्च टाळता येत नाही. तालुक्याच्या बाजारात मिळणाऱ्या स्वस्त धावण्याच्या बुटांवर बहुतेकांचा सराव होतो आणि त्यांचा तळ काही महिन्यांत सपाट होतो. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकला, ही गोष्ट प्रत्येक प्रशिक्षक सांगतो. ती ऐकून कोणी बूट काढू नयेत, कारण बिकिलाचे पाय लहानपणापासून तसेच घडलेले होते. शर्यतीच्या दिवशी नवा बूट घालणे त्याहून वाईट. त्याची शिक्षा दहाव्या किलोमीटरला टाचेच्या फोडाच्या रूपाने मिळते.

चिमूरच्या धावपटूला शर्यत गाठायची तर प्रवास आला. गडचिरोली पोलिसांनी अलीकडच्या काळात जिल्हा मुख्यालयात महामॅरेथॉन भरवल्या आणि त्यांत एकवीस किलोमीटरचा गटही ठेवला. नक्षलवादाच्या बातम्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या रस्त्यांवर हजारो मुलेमुली धावली. नागपुरात एका मराठी दैनिकाची महामॅरेथॉन कस्तुरचंद पार्कवर भरत आली आहे. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला सातारा हिल हाफ मॅरेथॉन आहे, २०१२ पासूनची. साताऱ्याच्या पोलीस कवायत मैदानापासून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने जायचे आणि तोच घाट उतरून परत यायचे. धानाच्या सपाट मुलखातून गेलेल्याला तो चढ जाचतो आणि उतार त्याहून जास्त. मुंबई मॅरेथॉन २००४ पासून जानेवारीत होते. तिच्या अर्ध्या शर्यतीत वांद्रे-वरळी सागरी सेतूवरून धावायला मिळते, जिथे एरवी पायी जाण्याची परवानगी नाही. तिथे विदर्भातला माणूस थंडीला नाही, दमट हवेला घाबरतो. कोरड्या हवेत घाम येतो आणि वाळतो, वाळताना अंग गार करतो. मुंबईत तो नुसता गळत राहतो. त्वचेकडे जास्त रक्त पाठवता पाठवता हृदयाचे ठोके वाढतात आणि पेडर रोडचा चढ येईपर्यंत गती आपोआप उतरते.

चिमूरकराला सगळ्यात सोयीचे नागपूर. भिसी, उमरेड करत एसटी शंभर-एक किलोमीटर अंतर अडीच-तीन तासांत कापून गणेशपेठेच्या बसस्थानकावर सोडते. शर्यत रविवारी पहाटे असते, त्यामुळे आदल्या दिवशीच जावे लागते. पहाटे पाचला नागपुरात पोचवणारी गाडी चिमूरहून मिळणे कठीण. मुक्कामाला हॉटेल बहुतेकांच्या हिशेबात नसते. गावातला कोणीतरी पोरगा नागपुरात स्पर्धा परीक्षेची तयारी करत असतो, त्याच्या खोलीत तीन जण आडवे होतात. त्याला पहाटे उठायची सवय असतेच.

धावणाऱ्यांचा मेळा खरा शनिवारी भरतो, बिब वाटपाच्या मंडपात. नोंदणीचा संदेश आणि आधार कार्ड दाखवायचे, की पिशवी हातात येते: टी-शर्ट, चार सेफ्टी पिना आणि छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद, म्हणजेच बिब. त्या कागदाच्या पाठीमागे पातळ पट्टी चिकटवलेली असते, तीच चिप. बिब दुमडून खिशात घालू नये अशी सूचना असते, कारण पट्टी मोडली तर वेळ नोंदली जात नाही. पहिल्यांदा आलेला माणूस ती सूचना घरी गेल्यावर वाचतो.

त्या मंडपात दोन प्रकारचे धावपटू एकमेकांना पहिल्यांदा जवळून पाहतात. एकीकडे डॉक्टर, बँक अधिकारी, प्राध्यापक, गृहिणी, साठी ओलांडलेले निवृत्त लोक. त्यांच्या पाठीवर रनिंग क्लबची नावे, मनगटावर घड्याळे, तोंडात ‘पेस’ आणि ‘सब-टू’, म्हणजे दोन तासांच्या आत. दुसरीकडे विशी-बाविशीची बारीक अंगाची पोरे, जी कोपऱ्यात उभी राहून बक्षिसांचा फलक वाचतात. पहिल्यांना तब्येत राखायची असते, दुसऱ्यांना पहिल्या तिनात यायचे असते. जिथे रोख बक्षीस असते तिथे शर्यतीमागून शर्यत धावून त्यावर खुराकाचा खर्च काढणारे धावपटूही यातच असतात. पन्नाशीतली बाई सहज ‘माझी ही चौदावी हाफ’ म्हणते, तेव्हा चिमूरचा पोरगा तिच्याकडे नीट वळून पाहतो. त्याच्या गावात या वयाची बाई धान कापते, जळणाची मोळी आणते, पण अर्धी चड्डी घालून धावत नाही.

कस्तुरचंद पार्कपासून झिरो माइलचा दगड जवळ आहे. इंग्रजांच्या काळातील सर्वेक्षणाचा हा खांब. त्यावर आसपासच्या शहरांची अंतरे मैलांत कोरली आहेत आणि त्यांत चांद्याचेही, म्हणजे आजच्या चंद्रपूरचे, नाव आहे. शेजारी उधळलेल्या चार घोड्यांचे पुतळे. घोडायात्रेच्या गावाहून आलेल्याने तिथे फोटो काढला नाही तर नवल.

पहाटेची रांग शौचालयापुढे लागते, ही शर्यतीच्या दिवसाची पहिली सामूहिक घटना. मग मंचावरून ढणढण गाणी आणि झुंबा, ज्याने भरतीची पोरे संकोचतात आणि डॉक्टर मंडळी खुलतात. सुटण्याच्या रेषेवर रबरी चटई अंथरलेली असते. पाऊल पडताच चिपची नोंद होते आणि शेकडो चिपांच्या नोंदींचा एकत्र किलबिलाट ऐकू येतो. दोन वेळा धरल्या जातात: बंदूक वाजल्यापासूनची आणि स्वतः रेषा ओलांडल्यापासूनची. मोठ्या शर्यतींत पहिले क्रमांक सहसा बंदुकीच्या वेळेवर ठरतात, म्हणून बक्षिसाची आशा असणारा पुढे घुसतो. बाकीच्यांनी मागे राहिले तरी काही बिघडत नाही.

पहिले तीन किलोमीटर फसवे असतात. थंडी असते, गर्दी असते, ढोलताशे असतात, चार महिन्यांचा सराव पायांत साचलेला असतो. दोन तासांत शर्यत संपवायची तर किलोमीटरला ५ मिनिटे ४१ सेकंदांची गती लागते. त्यासाठी आयोजकांनी नेमलेले पेसर फुगा किंवा झेंडा घेऊन धावतात. त्यांच्या मागे राहणे एवढेच काम. सोळाशेवाला या झेंड्याला पहिल्याच वळणावर मागे टाकतो. पाचव्या किलोमीटरला तो खूप पुढे असतो. दहाव्यालाही असतो, पण आता खांदे वर चढलेले असतात आणि पावलांचा आवाज मोठा झालेला असतो. पाण्याच्या टेबलापाशी धावता धावता कागदी पेल्यातले पाणी प्यायला गेले की निम्मे नाकात जाते. पेल्याची कड चिमटून चोच करायची असते, हे तिथेच दुसऱ्याचे पाहून कळते. तहान लागेल तेवढेच प्यावे. प्रत्येक टेबलावर घटाघटा प्यायलेले पाणी रक्तातले सोडियम उतरवते आणि ते थोड्या निर्जलीकरणापेक्षा धोक्याचे ठरू शकते. संत्र्याच्या फोडी मात्र नागपुरात घ्याव्यात.

पंधरा ते अठरा किलोमीटर या टप्प्यात खरी शर्यत होते. त्याच्या आधीचे अंतर तिथे पोचण्यासाठी असते. गती तीच ठेवली तरी हृदयाचे ठोके वाढत जातात, कारण अंग तापलेले असते आणि घामाने रक्तातले पाणी कमी झालेले असते. मांड्यांमधले स्नायूतंतू पाळीपाळीने थकतात. नेमक्या याच वेळी मागून झेंडा येतो. पेसर, त्याच्याभोवतीचे वीसेक लोक, त्यांच्यात ती चौदाव्या हाफवाली बाई, सगळे बोलत बोलत पुढे निघून जातात. ज्याने पहिले पाच किलोमीटर सावरून घेतले तो त्यांच्यात असतो. ज्याने सावरले नाहीत तो चालू लागतो. लाज वाटते, पण वनरक्षकाच्या भरतीची तयारी केलेल्याला झपाझप चालता तरी येते, आणि दर किलोमीटरला दोनशे मीटर चालून बाकीचे धावले तर वेळ वाटते तितकी बिघडत नाही.

शेवटचा किलोमीटर कोणालाही धावता येतो. सोळाशेच्या सरावाचा उपयोग इथे होतो: शेवटचे चारशे मीटर दिसले की पाय जुन्या सवयीने उचलतात आणि भरतीची पोरे दहा-वीस जणांना मागे टाकत रेषा ओलांडतात. पलीकडे पदक गळ्यात पडते आणि हातात केळे, बिस्किटांचा पुडा, पोह्यांची बशी. नागपूर असल्यामुळे पोह्यांवर तर्री. रिकाम्या पोटात ती कशी बसेल याचा विचार त्या क्षणी कोणी करत नाही.

लगेच बसू नये, दहा-पंधरा मिनिटे चालावे. एकदम थांबले तर पायांत उतरलेले रक्त वर यायला वेळ लागतो आणि चक्कर येते. वेळेचा संदेश तासाभरात मोबाइलवर येतो. स्नायूंचे खरे दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला पोचते, जिना उतरताना जास्त आणि चढताना कमी, कारण उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात. आठवडाभर वेगाचा सराव बंद ठेवावा. दुपारच्या एसटीने चिमूरला निघालेल्या धावपटूला याची पहिली चुणूक उमरेडच्या थांब्यावर मिळते, खाली उतरायला पायरी शोधताना.

प्रमाणपत्र ऑनलाइन मिळते, नाव आणि वेळ छापलेले. महाराष्ट्रात सरकारी नोकरभरतीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. पण त्यासाठी मान्यताप्राप्त संघटनेच्या ठरावीक स्तरावरच्या स्पर्धेतले यश आणि क्रीडा खात्याची पडताळणी लागते. पैसे भरून नोंदणी केलेल्या खुल्या शर्यतीत अंतर पूर्ण केल्याचा कागद तिथे चालत नाही. भरतीच्या अर्जात त्याला रकाना नाही. पुढच्या वर्षीची नोंदणी मात्र बहुतेक ठिकाणी पावसाळ्यातच सुरू होते, आणि लवकर नाव नोंदवणाऱ्याला शुल्कात सवलत मिळते.